मधल्या रंगाचं लुगडं

माझ्या लग्नाचा बस्ता मार्गशीर्षातल्या एका दुपारी उरकला. काकी आणि तिची बहीण मालवणच्या बाजारात गेल्या आणि संध्याकाळच्या एसटीनं बोचकी घेऊन परतल्या. शालू, साड्या, सासूचं, नणंदांचं, सगळं काकीनं माजघरात मांडलं. मी उभ्याउभ्या बघितलं आणि ‘बरं आहे’ म्हणून वळले. काकीचा पारा चढला.

‘लगीन तुझां की माझां गो? हात लावन तरी बघ!’

मी हात लावला. पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मला एकाच लुगड्याची पडली होती. ते माझं नव्हतं, आणि त्यासाठी दिवाळी झाल्यापासून मी वणवण करत होते.

लुगडं हवं होतं आईसाठी.

ही साठ सालाच्या आगेमागेची गोष्ट. मी सातवीची फायनल पास होऊन गावातल्याच शाळेत शिकवत होते. वडील मी चौथीत असताना तापानं गेले. तेव्हापासून आई आणि मी थोरल्या काकांच्या घरात, म्हणजे तसं आमच्याच घरात, राहत होतो. काकांनी मला शिकवलं. काकीनं माझ्या ताटात कधी दुजाभाव केला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्या दोघांवर बरीच चिडणार आहे.

वडील गेल्यावर आईनं बिनकाठाची दोन पांढरट लुगडी धरली. एक अंगावर, एक वाळत. घरात काही मंगल कार्य निघालं की ती मागीलदारी जाऊन बसायची. मागीलदार म्हणजे घराच्या मागची पडवी. तिथं विळी, पाटा-वरवंटा, मोठी चूल आणि आई. तिला कोणी जा म्हणत नसे. पाहुणे येण्याआधी ती आपणहून जायची, आणि पाहुणे गेल्यावर भांडी घासून पुढं यायची. चुलतबहिणीच्या लग्नात तिनं दोन दिवस वडे तळले. वरात निघताना चुलतबहीण तिच्या पाया पडायला म्हणून शोधत राहिली. कोणीतरी म्हणालं, ‘असतली खंयतरी मागे.’ मुहूर्त टळत होता, गाडी उभी होती. चुलतबहीण तशीच गेली. आई विहिरीवर होती. मी तिला तिथं गाठलं तेव्हा ती पाणी शेंदत होती, आणि तिच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. मला मात्र इतका संताप आला, की हातातला तांब्या मी विहिरीत फेकून दिला. तो काढायला दुसऱ्या दिवशी गडी उतरला आणि काकीची बोलणी मी खाल्ली ती वेगळीच.

म्हणून माझं लग्न ठरलं, तसं मी आईला बजावलं. ती चुलीपाशी सोलकढीसाठी सोलं कुसकरत होती.

‘आये, माझ्या लग्नात तू मांडवात रवतलंस. मागीलदारी नाय.’

आई हसली. मग स्वतःच्या अंगाकडे बघून म्हणाली, ‘माका नेसाक काय आसा गो? ह्या नेसान पावण्यांत कशी येव?’

झालं. मला हेच हवं होतं. अडचण लुगड्याचीच असेल तर लुगडं मिळतं. मी हात धुवून त्या लुगड्याच्या मागे लागले.

पहिली फेरी मालवणची. बाजारपेठेतल्या दुकानदारानं मला शाळेतली बाई म्हणून ओळखलं, गादीवर बसवलं, पाणी दिलं.

‘कोणाक होयां?’

‘आईक. नववारी. साधां, पण बरां विणलेलां. लग्नात नेसाचां आसा.’

त्यानं मोठ्या हौसेनं हिरवं काढलं, अंजिरी काढलं, मोरपिशी काढलं. मग हात थांबवून विचारलं, ‘बापूस आसत मां तुझे?’

‘नाय.’

सगळे रंग त्यानं घडी घालून फळीवर परत ठेवले आणि खाली वाकून तळच्या कप्प्यातून एक गठ्ठा ओढला. पांढरं, मळकट पांढरं, आणि मातकट. गठ्ठ्यावर धूळ होती, ती त्यानं माझ्यासमोर फुंकली. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. आपण गिऱ्हाईकाला लाजवू नये, असंच त्याला वाटत असणार. पण माझी कानशिलं तापली.

‘माका रंगाचां दाखवा.’

‘अगो, पण आवशीक म्हणतंस मां?’

‘आवशीकच!’

शेवटी आमचं दोघांचं कॉफीच्या रंगावर जुळलं. मी ते घेऊन तरातरा घरी आले. आईनं लुगड्याचा एक पदर उजेडाकडे धरला, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये चोळला, बोटाला लागलेलं पीठ मला दाखवलं.

‘खळ बघ किती. एक धुणां झालां की ह्याची मच्छरदाणी होतली.’

आईला कापडाची फार पारख होती. वडील असताना ती गावातल्या बायकांची पोलकी शिवून द्यायची, आणि तिची टीप बघायला शिंपीसुद्धा थांबायचा, असं काकीच सांगे. त्यामुळे माझ्यापाशी बोलायला जागा नव्हती. लुगडं परत करायला मी दुसऱ्या शनिवारी पुन्हा मालवणला गेले. दुकानदारानं घेतलं, पण या वेळी पाणी काही विचारलं नाही.

दुसरी फेरी सावंतवाडीची. माझं सासर तिथलंच ठरलेलं. लग्न ठरलेल्या मुलीनं सासरच्या गावात बाजार हिंडायचा म्हणजे काय ते त्या काळच्या बाईलाच कळेल. शाळेतल्या एका बाईंना गळ घालून मी बरोबर नेलं. मोती तलावाच्या बाजूनं जाताना मी डोक्यावरून पदर असा ओढला होता, की बाई म्हणाल्या, ‘अगो, असां तोंड झाकलंस तर सगळे बघतीत.’ एका वळणावर समोरून एक बाई आली. मला ती माझ्या होणाऱ्या सासूसारखी दिसली आणि मी लाकडी खेळण्यांच्या दुकानात शिरले. तिथं लाकडी केळी, लाकडी आंबे, लाकडी वांगी यांचे भाव विचारत बसले. ती सासू नव्हती. पण दुकानदाराचा इतका वेळ खाल्ल्यावर मला एक लाकडी वांगं घ्यावं लागलं.

बेळगावकडून आंबोली घाटानं उतरलेली शहापुरी लुगडी तिथं पुष्कळ होती. हाताला लागताच कळायचं, की हे टिकणार. पण प्रत्येकाला चांगला हातभर लाल नाहीतर हिरवा काठ. बिनकाठाचं द्या म्हटलं तर दुकानदार म्हणाला, ‘बाई, काठाशिवाय लुगडां म्हणजे पंचो.’ खरं सांगायचं तर त्याचंही चुकलं नव्हतं. नववारीत साधं म्हणजे विधवेचं आणि चांगलं म्हणजे सवाष्णीचं. मधलं काही कोणी विणतच नव्हतं. माझी आई मधल्या रंगात कोणाला दिसतच नव्हती, मग विणणार तरी कोण? मी त्या दुकानात उभी राहून हा विचार केला आणि माझे डोळे भरून आले, आणि बरोबरच्या बाईंना वाटलं की मला ऊन लागलं.

शेवटी त्यातल्या त्यात बारीक काठाचं, निळसर करड्या रंगाचं एक घेतलं. आईनं उजेडाला धरलं, चोळलं, वास घेतला. तिची मान हलली. ती लुगड्यावरून हात फिरवत राहिली, इतका वेळ, की मला वाटलं आता जमलं.

‘बरां आसा,’ ती म्हणाली. ‘पण काठ तांबडो.’

ते लुगडं काकीनं नेसलं. तिला शोभलं. मला तिचा विनाकारण राग आला आणि दोन दिवस मी तिच्याशी तुटक बोलले.

मग मी मुंबईला असलेल्या चुलतभावाला निरोप धाडला. गावचा एक माणूस बोटीनं आला, त्यानं चुलतभावाची पिशवी आणली. आत नायलॉनची साडी, गुलाबी, त्यावर फुलं. काय सांगितलं होतं आणि काय आलं! आईनं ती उलगडली तर ती लगेच संपली. तिनं दुसरं टोक शोधलं.

‘ह्या अर्धांच आसा. अर्धां खंय ठेवल्यान तेणी?’

‘आये, ही पाचवारी.’

‘बरी आसा. ही नेसलंय तर दशावतारी नाटकवाले म्हणतीत, चल गो, आमची राणी आज येवंक नाय.’

आम्ही दोघी हसून हसून लोळलो. काकी मागीलदारी आली, तीही हसली. पण हसणं संपल्यावर मला जास्तच अस्वस्थ वाटायला लागलं. पौष गेला, माघ लागला. वैशाखात लग्न. मी वर्गात पाढे घेताना खिडकीतून रस्त्यानं जाणाऱ्या बायकांची लुगडी बघायचे. एकदा एका परक्या बाईच्या मागे वर्ग सोडून धावले आणि ‘ह्या खंय घेतलास?’ म्हणून विचारलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पदर घट्ट लपेटून चालायला लागली. रात्री झोप लागेना, दिवसा जेवण जाईना. लोक म्हणत, नवरीचं असंच असतं. सगळे गालातल्या गालात हसत. मला त्या हसण्याचाही वीट आला.

माघात आमच्या गावदेवीची जत्रा. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देवीला आलेल्या ओटीतल्या वस्तू सभामंडपात लिलावानं देतात. नारळ, केळ्यांचे घड, खण, लुगडी. आमच्याकडे याला पावणी म्हणतात. पावणीत घेतलेलं ते विकत घेतलेलं नव्हे, तो देवीचा प्रसाद. बोली पुरुष लावतात. बायका कडेला बसून आपल्या नवऱ्याला डोळ्यांनी खुणा करतात.

मी बायकांत बसले होते. हिरवी गेली, लाल गेली. मग मानकऱ्यानं एक लुगडं दोन्ही हातांनी वर धरलं आणि मी ताठ झाले. वांगी रंग. गडद, पण भडक नाही. काठ करंगळीएवढा आणि त्याच रंगाचा, जरा काळसर. जरतार नाही, बुट्टी नाही. सूत जाड आणि एकसारखं, ते लांबूनही दिसत होतं. कोणा बाईनं ते देवीला दिलं कोण जाणे. पण तिला माझ्या आईसारखीच कोणीतरी ठाऊक असावी, असं मला वाटलं.

पिंपळपारावरच्या एका किराणा दुकानदारानं बोली लावली. काका माझ्यापासून लांब बसले होते आणि केळ्यांकडे बघत होते. मी खुणा केल्या, त्यांचं लक्ष नाही. मानकरी म्हणाला, ‘एक वार...’ आणि मी उठले.

‘मी वाढवतंय!’

बायकांच्या बाजूनं बोली आलेली त्या देवळानं बहुधा पहिल्यांदाच ऐकली. मानकरी लुगडं धरून तसाच उभा. काकांनी वळून बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. कोणीतरी म्हणालं, ‘मास्तरीण बायचां लगीन आसा मां वैशाखात.’ त्यावर सगळीकडे हसू पसरलं. नवरीला देवीचं लुगडं हवंसं वाटलं, यात वावगं काय! दुकानदारानं हात जोडले आणि बोली सोडली. लुगडं माझ्या हातात पडलं. ते जड होतं. मी ते छातीशी धरून घरी गेले, आणि वाटेत कोणाशी बोलले नाही, कारण बोलले असते तर रडले असते.

प्रसादाला नाही म्हणता येत नाही. आई आता अडकली, असा माझा हिशेब होता. पण काकी मध्ये आली.

‘ह्या आवशीक? अगो, तुका येड लागलां? देवीची ओटी सवाष्णीन नेसाची. उद्या काय वायट झालां तर?’

‘काय वायट जातला?’

‘तुझांच लगीन आसा. तुझ्याच घोवार येतला!’

काकी दुष्ट नव्हती. तिला खरंच भीती वाटत होती, माझ्यासाठी, माझ्या होणाऱ्या नवऱ्यासाठी. ते मला दिसत होतं, आणि म्हणूनच तिच्याशी भांडता येत नव्हतं. आई दोघींच्या मध्ये बसून तांदूळ निवडत होती. तिनं लुगड्याला हातही लावला नाही. संध्याकाळी काकांनी लोट्यावरून, म्हणजे पुढच्या ओसरीवरून, निकाल दिला: देवीलाच विचारू. कौल लावू.

आमच्याकडे विहीर खोदायची असो की सोयरीक करायची असो, शेवटचा शब्द कौलाचा. गुरव देवीच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सोमवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. काका-काकी पुढे, मी त्यांच्या मागे, आई सगळ्यात मागे. ती सभामंडपात आली नाही, बाहेर दीपमाळेपाशी थांबली. लुगडं देवीच्या पायांशी ठेवलं होतं.

गुरवानं सुरुवात केली. ‘बाय माते म्हाराजा, तुझ्या ओटीतला ह्या लुगडां ह्या घरातल्या इधवेन नेसाचां की नाय, त्याचो उजवो-डावो कौल दी म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ काका म्हणाले.

पाकळ्या हलल्या नाहीत. गुरव थांबला. पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा ‘व्हय म्हाराजा’. मी उजव्या पाकळीकडे टक लावून बघत होते. मनात म्हणत होते, पड गो बाय, पड. दिव्याची वात ढोसायला गुरव उठला, परत बसला. काकी जपमाळ ओढत होती. बाहेर ऊन पायरीवरून वर चढत मंडपात आलं. पाकळ्या सुकून देवीच्या अंगाला अशा घट्ट बसल्या, की हलेचनात. मला उभं राहवेना, बसवेना. एकदा तर वाटलं, फुंकर मारावी. गुरवानं शेवटी हात जोडले.

‘देवी आज काय बोलणा नाय. मागीर येवा.’

घरी येताना आमची वाटेतच जुंपली. काकी म्हणाली, देवीनं हो म्हटलेलं नाही. मी म्हटलं, देवीनं नाहीही म्हटलेलं नाही. काका आमच्या दोघींच्या पुढे झपझप चालत होते. घर आलं, तरी मी बोलतच होते. मागीलदारी आईच्या मागे मागे गेले. तिला सांगत होते, की मी पुन्हा सावंतवाडीला जाते, बेळगावला जाते, काठ उसवून घेऊ, रंगवून घेऊ, काहीही करू. आई चूल पेटवत होती. तिनं फुंकणी खाली ठेवली.

‘गप रव!’

आई माझ्यावर कधी ओरडत नसे.

‘लुगडां, लुगडां म्हणान माझो जीव खाल्लंस. लुगडां नाय म्हणान मी हय बसतंय, असां वाटता तुका?’

‘तूच म्हणालंस मां, नेसाक नाय म्हणान?’

‘मगे काय सांगू तुका?’ तिचा आवाज एकदम खाली आला. ‘तुझो बापूस गेलो त्या दिसापासून ह्या घरात माका कोणी “जा” म्हणाक नाय. ता खरां. पण “ये” पण कोणी म्हणाक नाय. देवीक इचारलास, गुरवाक इचारलास. माका कोणी इचारलां? बोलावल्याशिवाय मांडवात मी कशी येव गो? माका लाज नाय?’

एवढं बोलून ती पुन्हा चूल फुंकायला लागली. धुरानं तिचे डोळे लाल झाले, की कशानं, ते मी विचारलं नाही. मी तशीच खाली बसले. दुकानं, एसट्या, बोट, पावणी, सगळं हिंडून आल्यावर मला कळलं, की माझ्या आईला मांडवात यायला फक्त कोणीतरी बोलवायला हवं होतं.

पण बोलवणार कोण, ही अडचण लुगड्यापेक्षा मोठी निघाली. मी बोलावून भागणार नव्हतं. मी नवरी, मी तिचीच मुलगी. बोलवायचं तर घरच्या कर्त्या माणसानं, म्हणजे काकांनी. आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे धाकटी भावजय थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. आई लग्न होऊन आल्यापासून काका तिच्याशी सरळ बोललेच नव्हते. काय सांगायचं ते काकीमार्फत. वडील गेले त्या दिवशीसुद्धा काका दारातून आत बघून काकीला म्हणाले होते, ‘तिका पाणी दी.’

चैत्रात आमंत्रणं सुरू झाली. रीत अशी, की पहिला नारळ देवीला, मग मानकऱ्यांना, मग घरोघर. प्रत्येक घरी जाऊन यजमानाच्या हातावर अक्षता ठेवायच्या आणि तोंडानं बोलवायचं. अक्षता मिळाल्या नाहीत तर सख्खा भाऊसुद्धा लग्नाला येत नाही, असा आमचा मुलूख मानी. काका उन्हातान्हात गावभर हिंडले. शेवटच्या दिवशी ते लोट्यावर बसून घाम पुसत होते. ‘झाली सगळी घरां,’ ते म्हणाले.

‘काका, एक घर ऱ्हवलां,’ मी म्हटलं.

‘कोणाचां?’

‘मागीलदारचां.’

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. काकी आतून म्हणाली, ‘घरातल्या माणसाक अक्षता? ऐकलंस खंय? लोक हसतीत.’ काकांनी पानाचं तबक ओढलं आणि अडकित्त्यानं सुपारी कातरत राहिले. तबकात कातरणाचा ढीग झाला, तरी थांबेनात. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. बसायला सांगितलं, बसले नाही. शेवटी ते उठून माडांच्या आगरात निघून गेले. लग्न मोडलं तरी चालेल, इतका माझा जीव कडू झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मागीलदारी नारळ खवत होती. मी तिच्याजवळ बसून लसूण सोलत होते. दारात काका उभे. अंगात बाहेर जायचा कोट, डोक्यावर टोपी, हातात अक्षतांचं तबक. ते मागीलदारी आलेले मी कधी पाहिलं नव्हतं. आई गडबडून उठली, पदर डोक्यावरून ओढून भिंतीकडे वळली. काकांनीही तिच्याकडे न बघता समोरच्या केळीकडे बघून, घरोघर म्हणायचं तेच वाक्य म्हटलं.

‘वैशाखात आमच्या चेडवाचां लगीन आसा. घरची सगळी माणसां घेवन मांडवात येवा.’

आईनं हात पुढं केला. तो खोबऱ्यानं माखलेला होता. ती परत फिरली, हात धुतला, लुगड्याला पुसला आणि ओंजळ पुढं केली. काकांनी त्यात अक्षता ठेवल्या. थोड्या खाली सांडल्या. काका वळले, दोन पावलं गेले. मग आई बोलली, केळीलाच.

‘घरात मी नि ह्या चेडू. चेडू तर तुमचांच. मी येतंय.’

काका थांबले, मान हलवली आणि भराभर निघून गेले. लोट्यावर जाऊन त्यांनी मोठ्यांदा नाक शिंकरलं, ते मागीलदारापर्यंत ऐकू आलं.

राहिली काकी. ती दिवसभर धुमसत होती. संध्याकाळी वांगी रंगाचं लुगडं घेऊन आली आणि आईच्या पुढ्यात टाकलं.

‘कौलाचां काय?’ मी विचारलं. कुठं गप्प बसावं ते मला कधीच कळलं नाही.

काकीनं माझ्याकडे डोळे वटारले. ‘अक्षता दिल्यानी मां तेंनी? मगे पावण्यांनी काय नेसाचां ता सांगणारी मी कोण?’ आणि ती फणकाऱ्यानं गेली. लग्नापर्यंत रोज दिवेलागणीला ती देवीपुढं काहीतरी पुटपुटायची. ते माझ्या होणाऱ्या नवऱ्यासाठी असणार. मी तिला एकदाही टोकलं नाही.

आईनं तेव्हा पहिल्यांदा ते लुगडं उलगडलं. उजेडाला धरलं, अंगठ्यानं चोळलं. ‘विणणाऱ्यान मन लावल्यान हा,’ ती म्हणाली. मग पेटीतून सुईदोरा काढला आणि पोलकं शिवायला बसली. बाह्या कोपरापर्यंत, पाठ झाकलेली. मालवणच्या शिंप्याकडे टाकू या म्हटलं, तर तिनं मलाच मूर्खात काढलं. चार दिवस ती शिवत होती. एक बाही दोनदा उसवली, कारण तिच्या मते खांद्यावर सुरकुती पडत होती. मला ती सुरकुती दिसली नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून माझा जीव टांगणीला लागला होता. तयार होताना मी तीनदा विचारलं, आई कुठं आहे. बायका म्हणाल्या, ‘असतली गो खंयतरी.’ बोहल्यावर उभी राहिले. समोर अंतरपाट, पलीकडे नवरा, आणि मी मात्र मान वाकडी करून बायकांच्या गर्दीत वांगी रंग शोधत होते. भटजी म्हणाले, ‘मुली, पुढे बघ.’ मी पुढे बघितलं. मंगलाष्टकं सुरू झाली, डोक्यावर अक्षता पडायला लागल्या. कोणाच्या कुठल्या, काही कळत नव्हतं.

अंतरपाट निघाला. वाजंत्री वाजली, माळा पडल्या, सगळे एकदम बोलायला लागले. आणि त्या गर्दीतून आई माझ्याकडे येताना दिसली. डोक्यावर पदर, कपाळ मोकळं, अंगावर ते लुगडं, चापूनचोपून नेसलेलं. वाटेतल्या दोन बायका सरकल्या. तिला जागा दिली की तिच्यापासून बाजूला झाल्या, ते मी आजही सांगू शकत नाही. ती बोहल्यापाशी आली. सगळ्यांना वाटलं, आशीर्वाद द्यायला आली. तिनं माझ्या मुंडावळ्या सारख्या केल्या आणि तोंड माझ्या कानाशी आणलं.

‘माझ्या आंगार बरां दिसता मां गो?’

वडील गेल्यापासून तिनं हे कोणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि मला हुंदकाच फुटला. सासरकडची एक बाई हसून म्हणाली, ‘आत्तापासून रडतेस काय, अजून जेवणं व्हायचीत!’ सगळे हसले. आई हसली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत, उत्तरासाठी थांबून राहिली होती.